गाडी ओढत नाही

चालती गाडी अचानक ओढेनाशी होते. ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन घुसमटतं, समोर फ्लायओव्हरचा चढ आणि मागे हॉर्नचा गजर. ही तक्रार दिल्लीच्या गॅरेजांत पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहे. तक्रार तीच राहिली. तिच्यामागचं कारण मात्र शहरातलं पेट्रोल, बाजार आणि कायदे जसे बदलले तसं बदलत गेलं.

माझ्या बाबांची १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट आता माझ्याकडे आहे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि गाडी करोल बागेतल्या एका उस्तादांकडे जायची. त्यांच्या शेजारी उभी राहून मी इंजिनातला दोष शोधायला शिकले. ही विद्या कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. ती टंचाईतून आली.

१९५३ साली सरकारने ठरवलं, की ज्यांची भारतातच गाडी बनवायची तयारी आहे त्यांनीच या धंद्यात राहावं. बाहेरून भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतून गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या गाड्या. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली ॲम्बेसेडर, मद्रासला स्टँडर्ड, आणि मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यातली फियाट. हीच फियाट पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी म्हणून विकली गेली. दिल्लीत साहेबाच्या दारात आणि टॅक्सी स्टँडवर ॲम्बेसेडर, मध्यमवर्गाच्या घरी फियाट, असा साधारण हिशेब होता.

नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, तेव्हा आहे ती टिकवणं भाग होतं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी काश्मिरी गेटला सुट्या भागांचा घाऊक बाजार वाढवला. जुना माल मोतियाखानच्या भंगारात मिळे. तो बाजार पुढे मायापुरीला गेला. पण भाग महाग, अस्सल माल दुर्मीळ, आणि एकदा बसवलेली कॉइल दुकानदार परत घेत नसे. त्यामुळे अंदाजाने एकेक भाग बदलत जाणं ना मालकाला परवडत होतं ना मेकॅनिकला. आधी खात्री, मग पाना, हा या धंद्याचा कायदाच झाला.

उस्तादांचा क्रम ठरलेला असे आणि तो ते कधीही मोडत नसत. पहिला प्रश्न, दोष इंजिनाचाच आहे का? इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतोय. थोडं चालवून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्यायचा. एखादा फार तापला असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. एवढं झाल्याशिवाय ते बॉनेट उघडत नसत.

मग करंट. प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली की ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी दिसली की डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं. पॉइंटमधलं अंतर ॲम्बेसेडरच्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरला साधारण १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर कंडेन्सरवर संशय. कॉइलचा दोष सगळ्यात फसवा. थंड असताना ती धडधाकट असते, तापली की ठिणगी मरते, आणि अर्धा तास गाडी उभी केली की पुन्हा सगळं ठीक.

मग पेट्रोल. गाडी मरगळली असताना चोक थोडा ओढायचा. त्याने जीव आला, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. मग टाकीचं झाकण उघडून ऐकायचं: हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं भोक बुजलंय आणि टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडतंय. कार्बोरेटरकडची नळी काढून पंपाची दांडी हाताने मारायची. धार जाड हवी, बुडबुड्यांशिवाय. त्यानंतर फ्लोटची वाटी आणि मेन जेटमधला कचरा.

शेवटी कम्प्रेशन. त्या काळी गाडीला पुढून हँडल मारायची सोय असे. उस्ताद इग्निशन बंद करून हँडल सावकाश फिरवत आणि चारही सिलिंडरांचा जोर हाताने मोजत. एक ढिला लागला तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. शेजारचे दोन ढिले लागले तर मधला हेड गॅस्केट फुटलेला. कुठलंही मीटर न लावता हे निदान होई, आणि मी ते पुन्हा पुन्हा खरं ठरताना पाहिलं आहे.

क्रम कायम राहिला, गुन्हेगार बदलत गेले. दिल्लीचा उन्हाळा हा सगळ्यात जुना. पारा ४५ अंशांवर गेला की इंजिनाला चिकटलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि धार तुटते. तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकलं जाई. त्याच उन्हात पाणी उकळलं, तर फियाटचं ॲल्युमिनियमचं हेड वाकून गॅस्केट जाई.

मग शिसं गेलं. १९९५ मध्ये दिल्लीसह चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, १९९८ मध्ये दिल्लीत शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर. मुलांच्या मेंदूला शिशापासून असलेला धोका पाहता ते आवश्यकच होतं. पण शिशाचा थर जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटचं रक्षण करत होता. ॲम्बेसेडरच्या बिडाच्या हेडमध्ये सीट थेट बिडातच कापलेली असे. ती झिजून व्हॉल्व्ह आत बसू लागला, टॅपेटची फट संपली, आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईना. सकाळी ठीक असलेली गाडी दुपारी ओढेना. कडक धातूच्या सीट बसवणं आणि टॅपेट वरचेवर तपासणं हा त्यावरचा उपाय.

सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशानंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅस पेटवायला ठिणगी अधिक जोरकस लागते; पेट्रोलवर निभावून नेणाऱ्या जुन्या कॉइल आणि वायरी चढावर मिसिंग देऊ लागल्या.

आणि आजचं कारण आहे उभं राहणं. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसराचे रस्ते बंद झाले. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नोंदणी दिली, पण रोजच्या वापराला मनाई ठेवली. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच ती गाडी रस्त्यावर यावी. उरलेले दिवस ती उभी राहते, आणि टाकीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, टाकीतला जुना गंज सोडवतं आणि जुन्या पद्धतीच्या रबराला बाधतं.

हरियाणातल्या बिलासपूर चौकातून तावडूच्या रस्त्याला लागल्यावर आमच्या प्रेसिडेंटची ताकद अशीच गेली. क्लच ठीक, ड्रम थंड, ठिणगी निळी. चोक ओढताच जीव आला. झाकणातून आवाज नाही. पंपाची धार मात्र सुतासारखी आली. पंप उघडला, तर डायफ्राम फुगून सैल पडलेला होता. इथेनॉल सोसणारा डायफ्राम बसवला आणि गाडी पूर्ववत झाली. कार्बोरेटरला हात लावावा लागला नाही.

दिल्लीत १९६४ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची व्हिंटेज रॅली भरते, तावडूला २०१३ पासून हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. गाड्या जपल्या जात आहेत. त्या चालत्या ठेवणारे हात मात्र म्हातारे होत आहेत. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात ज्यांच्या दारात अजून फियाट आहे, त्यांना माझी विनंती आहे: गाडी ओढेनाशी झाली तर लगेच भाग विकत आणू नका, हा क्रम लावा. आणि ज्या मेकॅनिकच्या हाताला चार सिलिंडरांचा जोर कळतो, त्याच्या शेजारी उभे राहून तो काय करतो ते लिहून ठेवा. आयटीआयच्या प्रत्येक मोटर मेकॅनिक वर्गात एक कार्बोरेटर आणि एक डिस्ट्रिब्युटर मुलांच्या हाताखाली असायला हवा. जुन्या गाडीचे भाग आजही बनवून घेता येतात. दोष शोधणारं ज्ञान एकदा गेलं की ते कुठल्याच बाजारात मिळणार नाही.