लोहन्यूनता, रक्तदात्यांमधील

वरचेवर रक्तदान करणाऱ्या, एरवी धडधाकट असलेल्या व्यक्तीच्या शरीरातील लोहाचा साठा आटत जाणे. हिमोग्लोबिन पुरेसे भरत असतानाही हे घडू शकते आणि म्हणूनच ही न्यूनता सहज नजरेतून सुटते.

३५० मिलि. रक्ताबरोबर सुमारे १५० ते १८० मिग्रॅ., तर ४५० मिलि.बरोबर २०० ते २५० मिग्रॅ. लोह शरीराबाहेर जाते. आहारातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिग्रॅ. लोह शोषले जाते आणि तेही बरेचसे रोजची झीज भरण्यात खर्ची पडते. पुरुषाकडे राखीव लोह साधारण १,००० मिग्रॅ.पर्यंत असते, पाळी येणाऱ्या स्त्रीकडे पुष्कळदा ३००च्या आसपास, म्हणजे एकदोन रक्तदानांपुरतेच. भारतात दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते.

शिबिरात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ असते. थेंब १५ सेकंदांत तळाशी गेला, तर हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅ./डेलि. आहे असे मानून दात्याला खाटेवर घेतात. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण साठ्याबद्दल ती काहीच सांगत नाही. शरीर आधी यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेतील लोह वापरते. मग तांबड्या पेशींची निर्मिती अडखळते आणि सर्वांत शेवटी हिमोग्लोबिन घसरते. थेंब तरंगू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

साठा कळतो तो रक्तरसातील फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून. निरोगी प्रौढात ते १५ मायक्रोग्रॅ./लि.पेक्षा कमी असल्यास साठा रिकामा समजावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतील रक्तदात्यांच्या एका मोठ्या अभ्यासात २६च्या खालची पातळीही न्यूनतेत धरली होती. ताप, दाह किंवा यकृतविकार असताना फेरिटिन फसवे वाढते. अशा वेळी सीआरपी (दाहदर्शक प्रथिन) किंवा ट्रान्सफेरिन-ग्राहीची चाचणी जोडीला लागते. पेशींचा आकार लहान होणे ही उशिराची खूण, शिवाय ती मायनर थॅलॅसेमियातही दिसते. एमसीव्ही (पेशींचे सरासरी आकारमान) कमी दिसताच लोहाच्या गोळ्या सुरू करण्याची घाई म्हणूनच बरी नव्हे.

थकवा, जिना चढताना लागणारी धाप, रात्री पायांची चुळबुळ ही लक्षणे दाते वयावर किंवा कामावर ढकलतात. बर्फ, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे तर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

नेदरलँड्सच्या सांक्विन रक्तपेढीने २०१७ पासून नव्या दात्यांचे व पुढे दर पाचव्या रक्तदानाला फेरिटिन मोजायला सुरुवात केली. पातळी १५ ते ३० असल्यास सहा महिने, त्याखाली असल्यास वर्षभर विश्रांती. भारतात दान केलेल्या रक्ताच्या सक्तीच्या चाचण्या म्हणजे एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया. त्या सर्व रक्त घेणाऱ्या रुग्णासाठी आहेत; दात्याच्या साठ्याची चौकशी त्याने स्वतःच करायची. रक्तदानानंतर फेरिटिन काही आठवडे उतरलेले राहते, म्हणून नमुना पुढच्या रक्तदानाच्या तोंडावर देणे उत्तम.

पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत मात्र सारा दोष रक्तदानावर टाकून थांबू नये. पोटातील व्रण, मूळव्याध किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग यांतून होणारा छुपा रक्तस्राव अशाच दात्यांत झाकला जाऊ शकतो.