तारांचे मालक आणि सरकारचा अखत्यार

अमेरिकेत ब्रॉडबँड पुरविणाऱ्या कंपन्यांवर सरकारचा अंमल किती असावा, या वादाची जुनी दफ्तरे उघडून पाहिली, तर ज्यांना आज आपण परस्परविरोधी समजतो ती मोकळीक आणि तो निर्बंध ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे म्हणून एकत्र नांदताना दिसतात; त्यांची फारकत कशी झाली, हाच मला या इतिहासातील खरा विचारणीय भाग वाटतो.

१८६० साली पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तारयंत्र नेण्याचा कायदा करताना अमेरिकी काँग्रेसने अशी अट घातली होती की, सरकारी संदेशांना अग्रक्रम देऊन बाकी सर्वांचे संदेश ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, निःपक्षपातीपणे पाठवावेत. १९३४ च्या दळणवळण कायद्याने टेलिफोन कंपन्यांवर दरपत्रके दाखल करण्याचे, वाजवी दर आकारण्याचे आणि कोणासही अकारण मज्जाव न करण्याचे दायित्व टाकले, आणि देखरेखीसाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन स्थापन केले.

पुढे संगणक टेलिफोनच्या तारांना जोडले जाऊ लागले, तेव्हा या नव्या धंद्यालाही तेच कायदेकानू लागू करावेत काय, याची चौकशी आयोगाने १९६६ साली आरंभिली. तिच्यातून क्रमाक्रमाने सिद्ध झालेला आणि १९८० साली पूर्ण स्वरूपास आलेला निर्णय मोठ्या विवेकाचा होता. नुसते वहन करणारी सेवा ती मूलभूत, आणि त्या वहनावर संगणकाने काही प्रक्रिया करून दिलेली सेवा ती वर्धित, असा भेद करून आयोगाने वर्धित सेवेला दरपत्रकाच्या जाचातून संपूर्ण मुभा दिली. परंतु जिच्या हाती देशातील बहुतेक तारा होत्या त्या एटी अँड टी कंपनीला अशी सेवा स्वतः द्यावयाची झाल्यास तिने निराळी कंपनी काढावी, आणि तारा आपल्या या कंपनीला ज्या दराने द्यावयाच्या त्याच दराने प्रतिस्पर्ध्यांनाही द्याव्यात, असे बंधन घातले. मोकळीक दिली ती ज्यांच्यापाशी तार नव्हती त्यांना. आणि तार ज्यांची होती ते बांधलेले होते, म्हणूनच त्या मोकळिकीला अर्थ होता. १९८३ साली आयोगाने या वर्धित सेवांना लांब पल्ल्याच्या कंपन्यांवरील आकारातूनही वगळले, आणि १९९० नंतरच्या दशकात स्थानिक टेलिफोनवरून इंटरनेट देणारे हजारो लहान व्यावसायिक गावोगावी उभे राहिले, ते या दुहेरी तरतुदीच्या आश्रयाने.

१९९६ च्या कायद्याने हा भेद निराळ्या नावांनी कायम ठेवला; वर्धित सेवेला आता माहिती-सेवा म्हटले गेले. पण तोवर केबल कंपन्या मैदानात उतरल्या होत्या. त्यांनी टेलिफोनवाल्यांसारखी वाहकाची जबाबदारी कधी पत्करली नव्हती, शिवाय जाळे सुधारण्यात अपार भांडवल गुंतविले होते, आणि निर्बंध आल्यास ते भांडवल आटेल ही भीती निराधार म्हणता येणार नाही. मार्च २००२ मध्ये मायकेल पॉवेल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ठरविले की, केबलवरील इंटरनेट ही तारेसकट एक अखंड माहिती-सेवाच आहे. एवढ्या एका निर्णयाने, जी मुभा तार नसलेल्यांसाठी निर्माण झाली होती ती तारेच्या मालकास मिळाली. सांता मोनिकातील ब्रँड एक्स या लहान कंपनीचा याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ च्या जूनमध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी आयोगाचा अखत्यार मान्य झाला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी भिन्नमत नोंदविताना विचारले की, घरपोच पिझ्झा देणारा दुकानदार आपण पोचविण्याची सेवा देत नाही असे कसे म्हणू शकेल. मला त्यांचा तर्क आजही बिनतोड वाटतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेलिफोन कंपन्यांच्या ब्रॉडबँडलाही तीच सूट मिळाली.

पुढचा काळ उलटसुलट हुकुमांचा आहे. २०१५ साली आयोगाने ब्रॉडबँडला वाहकांच्या वर्गात घातले, मात्र दर ठरविण्याचा अधिकार वापरणार नाही असे जाहीर केले; २०१७ साली हे वर्गीकरण रद्द झाले, २०२४ साली पुन्हा आले, आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते कायमचे मोडीत काढले.

केंद्राने हात आखडता घेतला, तेव्हा राज्ये पुढे सरसावली. गरीब कुटुंबांना दरमहा १५ डॉलरमध्ये ब्रॉडबँड द्यावे, असा कायदा न्यूयॉर्कने २०२१ साली केला. कंपन्या न्यायालयात गेल्या. पण जो अखत्यार आयोगाने स्वतःच सोडून दिला, त्याच्या आधारे राज्यांना अडविता येत नाही, असा फैसला एप्रिल २०२४ मध्ये झाला. वॉशिंग्टनने कडक अंमलाच्या दिवसांतही जे दरनियंत्रण टाळले होते, ते २०२५ च्या जानेवारीपासून न्यूयॉर्कमध्ये लागू झाले.