पती, अध्यक्ष आणि सदर

दिल्लीत राष्ट्रपती असतात, चिलीत मात्र राष्ट्राध्यक्ष निवडून येतात. हिंदी सगळ्यांनाच ‘राष्ट्रपति’ म्हणून मोकळी होते. मराठी वर्तमानपत्रे भेद पाळतात. हा भेद आला कुठून असावा?

‘पती’ आमच्याकडे जुना. नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखात सातवाहन राजाला ‘दखिनापठपति’ म्हटलेले दिसते. काही अक्षरे झिजलेली, ती अभ्यासकांनी भरून घेतली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत दान देणारा साधा ‘गहपति’ही भेटतो. परंपरा हा शब्द ‘पा’ म्हणजे राखणे या धातूकडे नेते. ते वादाचे असेल, पण मानमोडीच्या लेखात नहपानाला लावलेल्या ‘महाखतप’ या बिरुदात तो ‘पा’ नक्की आहे: क्षत्रप म्हणजे जुन्या इराणीत राज्य राखणारा. यांतल्या कोणालाही मत मागावे लागले नव्हते! 1930 च्या दशकात काँग्रेसच्या अध्यक्षालाच लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत. पुढे राज्यघटनेच्या पदाला ते नाव मिळाले आणि मराठीत ते जणू विशेषनाम होऊन दिल्लीलाच चिकटले असावे. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा या ‘पती’चे स्त्रीरूप काय, यावर बराच खल झाला. त्याच्या आदल्याच वर्षी मिशेल बाचेलेत चिलीच्या अध्यक्ष झाल्या होत्या; स्पॅनिशमध्ये ‘प्रेसिदेंता’ म्हणून काम भागले.

‘अध्यक्ष’ म्हणजे अधि अधिक अक्ष, वरून डोळा ठेवणारा. नासदीय सूक्तात तो थेट परम व्योमात आहे. कौटिल्याने त्याला खाली आणून पगारावर ठेवले: शेतीवर सीताध्यक्ष, दारूवर सुराध्यक्ष. गिरनारच्या अशोकलेखातल्या ‘इथीझख’मधला ‘झख’ही हाच.

लॅटिन ‘प्रेसिदेन्स’ डोळ्यांचा नव्हे, बुडाचा शब्द आहे: पुढे बसणारा. त्यातला ‘सेद्’ आणि आपला ‘सद्’ एकच, म्हणजे परिषद आणि संसद त्याच्या चुलतबहिणी ठरतात. इथे ‘सदर’ आठवून हुरळून जाऊ नये. ती अरबी ‘सद्र’ची, मूळ अर्थ छाती, त्यावरून बैठकीतली मानाची जागा. फारसीवाटे आलेल्या या शब्दाची मराठीत जागाच राहिली, गडावरची सदर. उर्दूत तिथे बसणारा माणूस झाला. काश्मीरचे करणसिंह 1965 पर्यंत ‘सदर-ए-रियासत’ होते.

दिल्लीचे राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात. चिलीचा अध्यक्ष जनता थेट निवडते, कारभारही तोच हाकतो; निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते, आणि चार वर्षांनंतर लगेच पुन्हा उभे राहता येत नाही. जुन्नरचा नगराध्यक्षही आता थेट मतदार निवडतात, फक्त दुसरी फेरी नाही. तेव्हा चिलीच्या माणसाला दिल्लीचे नाव न देता नगराध्यक्षाच्या पंगतीला बसवणारी मराठी मला हिंदीपेक्षा चोखंदळ वाटते.

एक गाठ मात्र सुटत नाही. आंबेगावचे दिलीप वळसे पाटील 2009 ते 2014 विधानसभेचे ‘अध्यक्ष’ होते. विधान परिषदेत त्याच खुर्चीला ‘सभापती’ म्हणतात. जिल्हा परिषदेला अध्यक्ष, घोडेगावच्या पंचायत समितीला पुन्हा सभापती. ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली, हे कोणा वाचकाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे.