श्रम, वसतिगृह आणि आखाडा : कोयना-कृष्णाकाठच्या विद्यार्थिजीवनाविषयी एक टिपण

कोयना नदी कोयनानगरावरून वाहत कऱ्हाडास कृष्णेला मिळते. या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या मुलास पदवीचे शिक्षण दीर्घकाळ दुर्लभ होते. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देण्यावाचून गत्यंतर नव्हते. शुल्क आणि परगावचा निवास, दोन्ही खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. या अडचणीतून विद्यार्थ्याच्या श्रमास जे स्थान मिळाले, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. येथे शेतकाम, स्वयंपाक व साफसफाई मुलेच करीत. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणासही लागू झाले.

या श्रमास फावल्या वेळची नोकरी म्हणणे यथार्थ होणार नाही. नोकरीचे वेतन व्यक्तीच्या हाती पडते. येथील श्रमातून सामायिक चूल पेटत असे, आणि तिच्याभोवती सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी येथील शाळेतही (स्थापना १८८१) विद्यार्थ्यांनी विटा पाडून इमारती उभारल्या. परंतु ती संस्था वर्णभेदाने वेगळ्या काढलेल्या एका समाजाची होती. साताऱ्याच्या वसतिगृहाने भेदाची भिंत घरातच पाडली. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. संपन्न घरातील मुलाचे अभ्यासाचे तास त्याचे स्वतःचे असत. गरिबाच्या मुलास त्यांतील काही तास शिक्षणाचे मोल म्हणून द्यावे लागत. स्वावलंबनाचा गौरव करताना या विषमतेचीही नोंद घेतली पाहिजे.

क्रीडेची कथा याहून फारशी निराळी नाही. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडलेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीस जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी मागावी लागली. कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

वसतिगृहातील भाकरी आणि आखाड्यातील यश, दोहोंमागे शासकीय तरतुदीपेक्षा श्रम, वर्गणी आणि कर्ज यांचाच आधार अधिक होता. ‘कमवा व शिका’ या नावाच्या योजना आज विद्यापीठांतून चालतात. त्यांचे मूल्यमापन करताना किती विद्यार्थ्यांना काम मिळाले एवढेच पाहून भागणार नाही. त्या कामाने विद्यार्थ्यांना एका पंक्तीस आणले काय, हा मूळचा प्रश्नही विचारावा लागेल.