फडफडीत भाताची कुळकथा

रायपूरकडे बासी करतात ती रात्रीचा भात पाण्यात भिजवून. सकाळी शितं सुटी हवीत. तांदूळ चिकट निघाला तर लगदा होतो. भात फडफडीत होणार की गिच्च, हे बहुतांशी अमायलोज नावाच्या स्टार्चवर ठरतं. ते बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक म्हणजे 'वॅक्सी', आणि त्यातल्या एकाच अक्षरात आशियाभरच्या भाताचं कूळ सापडतं.

या जनुकावरून आधी कच्चा आरएनए उतरतो. पहिला इंट्रॉन, म्हणजे हजारभर अक्षरांचा अनावश्यक तुकडा, त्यात असेपर्यंत लांबी सुमारे 3,300; तो कापला की 2,300 अक्षरांचा पक्का आरएनए उरतो आणि त्यावरून एन्झाइम घडतं. जनुकात कापायची खूण 'जी-टी'. जपान-कोरियाकडच्या जॅपोनिका तांदळात तीच 'टी-टी' झाली आहे. काप नीट बसत नाही, कच्चा आरएनए साचतो, एन्झाइम घटतं. अमायलोज 25 टक्क्यांच्या आसपास असायचं ते 15-18वर येतं. हा साठा 1995 मध्ये चिनी संशोधकांना दिसला. पुढे 2007 मध्ये आणखी एक धागा मिळाला: 'डल-1' जनुकाचं प्रथिन या कापणी-यंत्रणेचाच भाग आहे. ते बिघडलं की 'टी-टी'वाल्या आरएनएची कापणी आणखी ढासळते.

पण लोकांनी 'टी-टी' का जपली? चॉपस्टिकने उचलायला चिकट भात सोपा, असं एक लोकप्रिय उत्तर आहे. ते टिकत नाही. लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये सर्वांत चिकट भात लोक हातानेच खातात, आणि त्या तांदळातही बहुधा हीच 'टी-टी' असते, शिवाय 23 अक्षरांची एक पुनरावृत्ती. ऑल्सेन आणि पुरुगनन यांनी 2002 मध्ये या चिकट तांदळाचा उगम आग्नेय आशियात दाखवला.

जास्त पटतो तो हवामानाचा धागा. 'टी-टी' आरएनए थंडीत बरा कापला जातो, उष्णतेत कापणी मंदावते. म्हणजे दाणा भरताना उकाडा असेल तर भात आणखीच गिच्च. महानदीच्या उष्ण खोऱ्यात, जिथे भात रात्रभर पाण्यात ठेवायचा, तिथल्या शेतकऱ्यांनी 'जी-टी'च निवडली असणार. हा तर्कच आहे, पण तपासायला रायपूरइतकी सोयीची जागा विरळा. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांनी 1970च्या दशकात छत्तीसगडच्या गावोगावचं धान गोळा केलं. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात 23,000हून जास्त नमुने आहेत. पहिली चाळणी आयोडीनची: कापलेल्या दाण्यावर थेंब टाकला की अमायलोजवाला दाणा निळा-काळा होतो आणि पूर्ण चिकट जातीचा तांबूस तपकिरी. त्यानंतर खूण वाचायची.