ओवीचा क्रमांक आणि मुखपृष्ठाचा आग्रह

ज्ञानेश्वरीचा हवाला देताना अभ्यासक अध्याय आणि ओवी यांचे क्रमांक लिहितो. ‘ग्रंथ आरंभापासून वाचा, ओवी कुठेतरी सापडेल’ असे सांगणाऱ्या टीकाकारावर आपण विश्वास ठेवणार नाही. नेमक्या जागी बोट ठेवणे ही टीकाव्यवहाराची पहिली अट होय. त्यासाठी प्रकाशकाची अनुमती कोणी मागत नाही. आंतरजालावर मात्र याच कृतीवरून खटले झाले.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर १८७२ पासून ‘शेटलंड टाइम्स’ हे वृत्तपत्र निघते. १९९६ साली जोनाथन विल्स यांच्या ‘शेटलंड न्यूज’ या आंतरजालीय पत्राने ‘टाइम्स’चे मथळे दुवे म्हणून दिले. वाचक मुखपृष्ठ ओलांडून थेट बातमीच्या पानावर जाई. मुखपृष्ठ टळले की तेथील जाहिरातीही टळतात, ही ‘टाइम्स’ची तक्रार होती. एडिंबरोच्या न्यायालयात लॉर्ड हॅमिल्टन यांनी २४ ऑक्टोबर १९९६ रोजी अंतरिम मनाई दिली. मथळा हीदेखील साहित्यकृती ठरू शकते, हा युक्तिवाद त्यांना सकृद्दर्शनी ग्राह्य वाटला.

अंतिम निकाल लागलाच नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये तडजोड झाली. दुवे राहिले, पण प्रत्येकाखाली ही ‘टाइम्स’ची बातमी असल्याचा उल्लेख आणि मुखपृष्ठाकडे नेणारे त्या पत्राचे नामचिन्ह देणे आवश्यक ठरले. आमच्या दृष्टीने या तडजोडीचा अर्थ साधा आहे: वाद कोर्टात गेला आणि तळटीप होऊन बाहेर आला. स्रोताचे नाव घ्या, ही मागणी रास्त होती. आमच्याच दारातून या, ही नव्हती.

तरीही दाराचा आग्रह काही काळ टिकला. अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने आपल्या संकेतस्थळाचा दुवा देण्यासाठी पूर्वपरवानगीची अट घातली होती. २००२ साली टीकेची झोड उठल्यावर ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी कोपनहेगनच्या न्यायालयाने ‘न्यूजबूस्टर’ या सेवेला डॅनिश वृत्तपत्रांचे थेट दुवे देण्यास मनाई केली. उलट, कॅलिफोर्नियातील न्यायाधीश हप यांनी २००० साली तिकीटविक्रीच्या एका खटल्यात दुव्याची तुलना ग्रंथालयातील सूचिपत्रांशी केली. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने १७ जुलै २००३ रोजी, तांत्रिक अडसर न घालता सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या पानाचा थेट दुवा हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असे ठरवले. २०१४ साली युरोपीय संघाच्या न्यायालयानेही खुल्या मजकुराच्या दुव्यास हक्कधारकाची अनुमती लागत नाही, असा निर्वाळा दिला.

जाहिरातींवर जगणाऱ्या पत्राची चिंता आम्ही क्षुल्लक मानत नाही. पण ज्याला पान राखायचे आहे, त्याने त्याला कुलूप लावावे. उघड्या पानाकडे बोट दाखवणाऱ्याला अडवू नये. कारण परवानगी देणारा ती नाकारूही शकतो, आणि नकार बहुधा प्रतिकूल टीकाकाराच्याच वाट्याला येईल. केवळ अनुमत हवाल्यांवर उभी राहिलेली समीक्षा स्तुतिपाठाहून फारशी वेगळी उरणार नाही.

प्रकाशकाकडे मात्र आमची एक मागणी आहे. संकेतस्थळाची नवी मांडणी झाली की जुन्या पानांचे पत्ते बदलतात आणि अभ्यासकाच्या लेखातील हवाले निराधार होतात. दुवा कोणी द्यावा याचे नियम करण्याऐवजी पत्ता टिकवण्याचे वचन द्यावे.