गव्हाचं आखूड दावं

साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणाहीसमोर ‘पीएल-४८०’ म्हणा, त्यांना रेशनच्या दुकानातला लालसर गहू आठवेल. धान्याला कायद्याच्या क्रमांकावरून नाव पडल्याचं हे बहुधा एकच उदाहरण असावं. आमच्या घरीही त्या गव्हाच्या पोळ्या व्हायच्या आणि पोळी वातड झाली, की दोष अमेरिकेला दिला जायचा. हा गहू कधी भरपूर यायचा, कधी अडायचा. पाऊस कमी झाला म्हणून गहू लागतो, हे कुणालाही कळतं. पण तो मिळणार किती आणि केव्हा, हे पावसावर नव्हे, तर कुठं लढाई चालली आहे आणि आपण त्या लढाईबद्दल काय बोललो, यावर ठरत होतं. इतिहास शिकवू लागल्यावर मला त्या वेळापत्रकाचा उलगडा झाला.

पहिला धडा १९५१ चा. देशात धान्याची तीव्र टंचाई होती, म्हणून भारतानं अमेरिकेकडं २० लाख टन धान्य मागितलं. तेव्हा कोरियात युद्ध पेटलेलं होतं. चीनला आक्रमक ठरवणारा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला आणि भारतानं त्याच्या विरोधात मत दिलं. झालं! वॉशिंग्टनमधले अनेक लोकप्रतिनिधी बिथरले. ज्यांच्याशी आमची मुलं लढताहेत, त्यांची बाजू घेणाऱ्यांना गहू कशाला, असा त्यांचा सवाल होता. विधेयक महिनोन्‌महिने रखडलं. मधल्या काळात रशिया आणि चीन यांनीच भारताला धान्य देऊ केलं. मग मात्र तिकडं हालचाल झाली आणि जूनमध्ये १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. भूक डिसेंबरात होती तेवढीच जूनमध्ये होती. बदललं होतं ते राजकारण.

पुढं १९५४ मध्ये आयसेनहॉवर यांच्या कारकिर्दीत ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा झाला. अमेरिकेची गोदामं शिल्लक धान्यानं फुटायला आली होती. ते धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकायचं, अशी ही योजना. भारतानं रुपयांत पैसे द्यायचे, ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर राहायचे आणि त्यातले बहुतेक कर्ज किंवा अनुदान म्हणून पुन्हा आपल्याच सरकारला मिळायचे. डॉलरची चणचण असलेल्या देशाला याहून सोयीचं काय असणार? ऑगस्ट १९५६ मध्ये पहिला करार झाला. मे १९६० मध्ये आपल्या मुंबईचे स. का. पाटील अन्नमंत्री या नात्यानं अमेरिकेला गेले आणि चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख टन धान्याचा करार करून आले. एवढं धान्य पदरात पडल्यावर इथल्या शेतकऱ्याला चांगला भाव देण्याची निकड सरकारला वाटेनाशी झाली, हे या सोयीचं मोल होतं.

या रुपयांची एक गंमत सांगायला हवी. १९६२ पासून त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. आज तिकडच्या काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकांचे जे मोठे संग्रह आहेत, त्यांचा पाया या गव्हाच्या पैशांवर रचला गेला. काँग्रेस गवत याच गव्हातून आलं, असंही आपल्याकडं सर्रास म्हणतात. पण पुण्यात त्या गवताची नोंद १९५५ च्या सुमारास झाली, म्हणजे कराराच्या आधी. तेव्हा निदान पीएल-४८० च्या माथी तरी ते मारता येणार नाही.

आता १९६५ कडं येऊ. पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी गटांत सामील होता, त्यामुळं त्याला पॅटन रणगाडे मिळाले होते. आपल्याला मिळत होता गहू. त्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या जवानांनी ज्या पॅटन रणगाड्यांची दाणादाण उडवली, ते ज्या देशातून आले होते, त्याच देशाच्या गव्हावर आपल्या शहरांची रेशन दुकानं चालली होती. दोन्ही बाजूंना मदत करणाऱ्याचं दोन्ही बाजूंनी ऐकावं, अशी अमेरिकेची अपेक्षा. तसं झालं नाही, तेव्हा तिनं दोघांचीही शस्त्रं थांबवली आणि नव्या आर्थिक मदतीलाही खीळ घातली.

पण गव्हाची गाठ त्याआधीच आवळायला सुरुवात झाली होती. शास्त्रीजींनी व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांबद्दल नापसंती दाखवली होती. एप्रिलमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांची ठरलेली अमेरिका भेट अचानक पुढं ढकलली. जूनमध्ये जुना करार संपला, तेव्हा नवा दीर्घ करार न करता थोडं थोडं धान्य सोडण्याचं धोरण आलं. ‘शॉर्ट टेदर’, म्हणजे आखूड दावं, या नावानं ते इतिहासात ओळखलं जातं. दावणीचं जनावर चरायला सोडायचं, पण दोरी लांब होऊ द्यायची नाही! जॉन्सन भारतातल्या पावसाची माहिती स्वतः मागवून पाहत आणि जहाजं सोडण्याचा निर्णयही स्वतःच घेत. त्यात पाऊस दगा देऊन गेला. आदल्या वर्षी ८ कोटी ९० लाख टनांच्या घरात गेलेलं धान्योत्पादन ७ कोटी २० लाख टनांवर आलं. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री उपास करायचं आवाहन केलं, ते या दिवसांत. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तो सोमवार पाळला आहे.

नोव्हेंबरात अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांची रोममध्ये भेट झाली आणि एक गुप्त समझोता झाला. भारतानं शेतीवर जास्त पैसा घालावा, खतं वाढवावीत, शेतकऱ्याला भाव द्यावा, तर गहू येत राहील. याला दडपण म्हणायचं की सल्ला? माझ्या मते ते दडपणच होतं. पण या कलमांतली बरीचशी सुब्रमण्यम यांना स्वतःलाच हवी होती आणि घरच्या विरोधकांपुढं त्यांना ती रेटता येत नव्हती, हेही खरं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये इंदिराजी वॉशिंग्टनला गेल्या, धान्याचं आश्वासन घेऊन आल्या. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. जुलैत त्यांनी मॉस्कोत व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीविरुद्धच्या संयुक्त निवेदनावर सही केली आणि दावं पुन्हा आखूड झालं. तेव्हा बिहारमध्ये दुष्काळाचं सावट पसरत होतं. व्हिएतनामबद्दलच्या एका वाक्याची किंमत बिहारच्या खेड्यानं का मोजावी, याचं उत्तर मला आजवर कुठल्या कागदपत्रात सापडलेलं नाही.

१९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध झालं, तेव्हा निक्सन यांनी ८ कोटी ७६ लाख डॉलरची मदत रोखली आणि बंगालच्या उपसागराकडं आरमार धाडलं. या वेळी गव्हाचा धाक चालला नाही. १९६५-६६ मध्ये एक कोटी टनांच्या आसपास असलेला आपला गहू १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टन झाला होता. त्याच वर्षाअखेर सवलतीचा पीएल-४८० गहू घेणं भारतानं थांबवलं.

युद्धानं मदत अडते, मग शांततेनं ती वाढत असेल, असं आपण समजतो. महाराष्ट्राला १९७२ मध्ये वेगळा अनुभव आला. मे महिन्यात निक्सन मॉस्कोला गेले, दोन महासत्तांत गोडी सुरू झाली. त्या उन्हाळ्यात रशियानं अमेरिकेचा प्रचंड गहू उचलला. जगाच्या बाजारात धान्य कडाडलं. नेमका त्याच वर्षी आपल्याकडं दुष्काळ होता आणि भारताला रोख पैसे मोजून महागडं धान्य आणावं लागलं. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी जिच्या भाकरी खाल्ल्या, ती ‘मिलो’ नावाची लाल ज्वारी त्याच दिवसांतली. पुढं १९७३ मध्ये रशियानंच आपल्याला २० लाख टन गहू उसना दिला!

आता आपण देणाऱ्यांच्या रांगेत आहोत. २००२ मध्ये भारतानं अफगाणिस्तानला दहा लाख टन गहू देऊ केला, पण पाकिस्ताननं वाट दिली नाही. शेवटी त्यातल्या काही गव्हाची बिस्किटं करून तिथल्या शाळकरी मुलांना पोचवावी लागली. तालिबान परतल्यावर पुन्हा ५० हजार टनांची गोष्ट निघाली. ट्रक कुणाचे असावेत, यावर दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात काही आठवडे घोळ चालला. अखेर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अटारीच्या नाक्यावरून ५० ट्रकांचा पहिला काफिला निघाला. ट्रक अफगाणिस्तानातून आलेले होते आणि त्यांत अडीच हजार टन गहू होता. दोनच दिवसांनी युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मे महिन्यात भारतानं गव्हाची निर्यात बंद केली.